कोपऱ्यावरची एक गाडी

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे संध्याकाळी सव्वापाचलाच बाहेर मिट्ट अंधार. लॅबमधून घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी पार्किंग शोधत अगदी हळू गाडी चालवत होते. कोपऱ्यावर, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांना खेटून, एक उंच व्हॅन उभी होती. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत रस्त्यावर एक सावली हलली आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. व्हॅनच्या आडून एक काकू बाहेर आल्या. साडी, वर जाडजूड जॅकेट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. त्यांनी आधी उजवीकडे पाहिलं, जन्मभराच्या सवयीनं. माझी गाडी येत होती त्यांच्या डावीकडून. मी दिसले तशी त्यांनी हाताचा पंजा पुढे केला, आपण तिकडे रस्ता ओलांडताना करतो तसा. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

मी काच खाली केली, तर त्याच म्हणाल्या, "सॉरी बेटा, मेरी गलती." आणि निघून गेल्या.

घरी येऊन चहा केला, पण प्यायचं सुचेना. कारण त्या कोपऱ्याशी माझा एक जुना संबंध आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावानं तिथे प्लॅस्टिकचे खांब लावून पट्ट्यांजवळच्या दोन गाड्यांची जागा बंद करायचा प्रस्ताव आणला होता. गल्लीतल्या लोकांनी विरोधाचा अर्ज केला, प्रस्ताव बारगळला. त्या अर्जावर माझी सही आहे. इथे पार्किंग मिळवताना आधीच जीव जातो, त्यात आणखी दोन जागा कशाला घालवायच्या, एवढाच विचार मी केला होता. गावाचं नाव लिहीत नाही. न्यू जर्सीत असली गावं आणि असे अर्ज पैशाला पासरी आहेत.

मी वाहतूक अभियंता नाही. माझा दिवस प्रथिनांच्या घड्या कशा पडतात हे मोजण्यात जातो. पण त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जोरावर जेवढं कळलं, त्यानं माझं मत बदललं. तेच आज तुमच्यासमोर मांडते आहे. रस्त्यावर चालणारा किंवा सायकल चालवणारा माणूस जगतो की मरतो, हे त्याच्या सावधपणापेक्षा रस्त्याच्या बांधणीवर जास्त अवलंबून असतं, असं माझं म्हणणं आहे. आणि ती बांधणी बदलायची तर तुमच्या-माझ्यासारख्या गाडीवाल्यांना थोडी गैरसोय सोसावी लागेल.

पाच मैलांचा फरक

समजा, तीन गाड्या एकाच रेषेत शेजारी शेजारी धावताहेत. एकीचा वेग ताशी २० मैल (३२ किलोमीटर), दुसरीचा २५, तिसरीचा ३०. तिघींच्या ड्रायव्हरना एकाच क्षणी समोर माणूस दिसतो. दिसणं, उमगणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात साधारण दीड सेकंद जातो असं धरू. तेवढ्या वेळात गाडी आधीच्याच वेगानं पुढे जात राहते. मग ब्रेक लागतात, आणि थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून हिशोब केला, तर २० मैलांची गाडी सुमारे १९ मीटरवर थांबते.

त्याच १९ मीटरवर ३० मैलांच्या गाडीचं काय झालेलं असतं? ड्रायव्हरचा पाय अजून ब्रेकपर्यंत पोचलेलाच नसतो. त्या दीड सेकंदातच तिनं २० मीटर कापलेले असतात. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबली, तिथे ही पूर्ण वेगानं आदळते.

आता मधली, २५ मैलांची. हिचा ब्रेक नुकताच लागलेला असतो. १९ मीटरच्या रेषेवर हिचा वेग ताशी २१ मैलांच्या वर असतो. सुरुवातीच्या वेगात फरक फक्त पाच मैलांचा होता. एक गाडी थांबली आणि दुसरी अजून २१ मैलांनी धावते आहे. हे आकडे पहिल्यांदा काढले तेव्हा मी पुन्हा तपासले. तुम्हीही तपासून पाहा.

धडकेच्या वेगाचा अर्थ शरीराच्या भाषेत काय होतो, याचा अभ्यास अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून झालेला आहे. एएए फाउंडेशननं २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार गाडीनं २३ मैल वेगानं धडक दिली तर पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के असते. ३२ मैलांना ती २५ टक्के होते आणि ४२ मैलांना ५० टक्के. त्याच अहवालातली एक गोष्ट मात्र मला जास्त लागली. ३० वर्षांच्या माणसाला ३५ मैलांच्या धडकेत जितका धोका असतो, साधारण तितकाच ७० वर्षांच्या माणसाला २५ मैलांच्या धडकेत असतो.

सत्तरीतली माणसं आपल्या घरात कधी असतात, ते आठवा. उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. आपण कामावर जातो, त्यांना गाडी चालवता येत नाही, घरात बसून कंटाळा येतो, मग ते चालायला निघतात. एडिसन-आयसलिनच्या ओक ट्री रोडवर कोथिंबीर आणायला जाणारी, उपनगरातल्या रुंद रस्त्याच्या कडेनं देवळात निघालेली ही मंडळी अनेकदा त्या रस्त्यावरचे एकमेव पादचारी असतात. आणि रस्ता ओलांडताना त्यांची मान आधी चुकीच्या बाजूला वळते, कारण पन्नास-साठ वर्षं गाडी उजवीकडूनच आलेली असते. लंडनमध्ये बाहेरून आलेल्यांना याच गोंधळातून वाचवायला 'उजवीकडे पाहा' असं रस्त्यावरच लिहिलेलं असतं. आपण आई-बाबांना विमानतळावरून आणताना सीटबेल्ट लावायला सांगतो. डावीकडे बघा, हे सांगतो का?

आणि समजा, सांगितलं. तरी एखाद्या संध्याकाळी त्या विसरणारच. माणूस चुकतो. प्रश्न असा की त्या चुकीची शिक्षा काय असावी?

शून्याचं धोरण

हा प्रश्न स्वीडननं १९९७ साली संसदेत सोडवला. तिथे मंजूर झालेल्या 'व्हिजन झिरो' धोरणाचा पाया साधा आहे. माणसं चुका करणारच आणि माणसाचं शरीर एका मर्यादेपलीकडे धडक सोसू शकत नाही, हे दोन्ही गृहीत धरून रस्ते बांधायचे. त्यातूनही कुणी मेलं तर दोष फक्त त्या माणसाचा नाही, रस्ता बांधणाऱ्याचाही आहे.

स्वीडनचं नाव काढलं की आपण म्हणतो, त्यांचं सोडा हो, ते लोकच वेगळे. म्हणून जवळचं उदाहरण देते. आमच्यापासून अर्ध्या तासावर, मॅनहॅटनच्या बरोबर समोर, हडसनकाठी होबोकन आहे. जेमतेम सव्वा चौरस मैलाचं शहर, साठ हजार वस्ती, पार्किंगची बोंब आमच्यापेक्षा जास्त. तिथे जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षं रस्त्यावर एकाचाही जीव गेला नाही. पादचारी नाही, सायकलवाला नाही, गाडीत बसलेलाही नाही. त्याच काळात देशभर उलटं चाललं होतं. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४१०० पादचारी मेले होते, २०२२ मध्ये तो आकडा साडेसात हजारांवर गेला.

होबोकननं केलं काय? भव्य काहीच नाही. रवी भल्ला महापौर असताना २०१९ मध्ये शहरानं व्हिजन झिरो स्वीकारलं. रस्त्यांवर दर काही वर्षांनी नवं डांबर घालावंच लागतं. ते घालतानाच चौकांचे कोपरे मोकळे केले. रंगाचे पट्टे मारले, प्लॅस्टिकचे लवचीक खांब उभे केले, काही ठिकाणी सायकलींचे स्टँड बसवले, तर काही ठिकाणी पावसाचं पाणी मुरवणाऱ्या छोट्या बागा केल्या. चौकाचौकांत पादचाऱ्यांचा सिग्नल गाड्यांच्या सिग्नलच्या काही सेकंद आधी सुरू होईल असा लावला, म्हणजे गाडी वळायच्या आत माणूस पट्ट्यांच्या मध्यावर पोचून स्पष्ट दिसू लागतो. २०२२ मध्ये वेगमर्यादा २५ वरून २० मैलांवर आणली. ते पाच मैल कशासाठी, हे तुम्हाला आता सांगायला नको.

यातलं मोकळ्या कोपऱ्याचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. रस्ता ओलांडायला तुम्ही अर्धा मीटर पुढे आला आहात आणि गाडी तुमच्यापासून एका मीटरवर पार्क केलेली आहे, असं धरा. ड्रायव्हरचे डोळे त्या पार्क केलेल्या गाडीच्या बाहेरच्या कडेपासून साधारण सव्वादोन मीटर आत असतात. कागदावर दोन समरूप त्रिकोण काढले की कळतं, त्याला तुम्ही दिसता ते फक्त अडीच मीटरवरून. अडीच मीटरमध्ये कुणीच थांबू शकत नाही, मग तो कितीही सभ्य, शांत आणि फोन खिशात ठेवलेला ड्रायव्हर असो. आता तीच उभी गाडी २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर, मागे सरकवा. तेच त्रिकोण पुन्हा काढा. दिसण्याचं अंतर सुमारे १९ मीटर होतं. २० मैलांच्या गाडीला थांबायला लागणारं अंतरही तेवढंच. मोजमापं ढोबळ आहेत, गाडी रुंद असेल किंवा रस्ता ओला असेल तर आकडा बदलेल. पण अडीच आणि एकोणीस यांतला फरक ढोबळपणानं पुसला जात नाही.

आणि २५ फूट हा आकडा माझा नाही. न्यू जर्सीचा कायदाच सांगतो की पट्ट्यांपासून २५ फुटांच्या आत गाडी उभी करायची नाही. मला हा कायदा माहीत नव्हता. ज्या दोन जागा वाचवायला मी सही केली, त्या मुळात बेकायदाच होत्या. दंड कधी होत नसे, म्हणून त्या आम्हाला आमच्या हक्काच्या वाटत होत्या. कायदा पुस्तकात असून उपयोग नाही. प्लॅस्टिकचा खांब पोलिसासारखा सुट्टीवर जात नाही.

तो खांब आणखी एक काम करतो. वळणावर गाडीचा वेग वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरतो. कोपरा ऐसपैस गोलाकार असेल तर आपण न थांबता भर्रकन वळतो. खांब लावून वळणाची त्रिज्या पाव केली, तर त्याच आरामात वळायचा वेग निम्मा होतो. 'हळू चालवा' असा फलक वाचून आपण हळू होत नाही, वळताच येत नाही म्हणून होतो. माझ्यावरून सांगते.

सायकलवाल्यांचं काय?

मी पुण्यात वाढले. शाळेत, क्लासला, मैत्रिणीकडे, सगळीकडे सायकलनं. इथे आल्यावर उत्साहानं सायकल घेतली आणि तीन आठवड्यांत ती तळघरात गेली. आमच्या रस्त्यावर सायकलची मार्गिका आहे, म्हणजे पार्क केलेल्या गाड्यांच्या कडेनं मारलेला एक पांढरा पट्टा. गाडीचं दार उघडलं की ते त्या मार्गिकेतच येतं. ताशी १५ मैलांनी जाणारी सायकल दीड सेकंदात दहा मीटर जाते. दहा मीटरच्या आत दार उघडलं तर तुमचा हात ब्रेकपर्यंत पोचायच्या आधी तुम्ही दारावर असता. पट्टा रंगवला म्हणून काही रंगाची भिंत होत नाही. मार्गिका पार्क केलेल्या गाड्या आणि फुटपाथ यांच्या मधोमध घ्यायची आणि दार उघडायला जागा सोडायची, हा उपाय न्यू यॉर्कनं नाइन्थ अॅव्हेन्यूवर २००७ मध्येच केला होता.

"नेदरलँड्सचे लोक जन्मजात सायकलवाले" हेही अर्धसत्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही गाड्यांचा पूर आला. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' असं होतं. आज तिथे दिसतात ते सायकलमार्ग त्यानंतरच्या काही दशकांत मागून, भांडून आणि बांधून मिळवलेले आहेत.

माझ्याच म्हणण्यावरच्या दोन शंका

पहिली आकड्यांची. छोट्या शहरात शून्य हा आकडा नशिबानंही येऊ शकतो. समजा, एखाद्या गावात सरासरी दोन वर्षांतून एक मृत्यू होतो. तिथे काहीही न बदलता सलग सात वर्षं शून्य येण्याची शक्यता शंभरात तीन निघते. वर्षाला एक अशी सरासरी असेल तर हजारात एक. म्हणजे नशीब अगदीच अशक्य नाही. म्हणून एकट्या होबोकनवर मी विसंबत नाही. ऑस्लो होबोकनच्या दहापटीहून मोठं शहर आहे. मध्यवर्ती भागातली शेकडो पार्किंग हटवून आणि वेग कमी करून तिथे २०१९ मध्ये वर्षभरात एकच माणूस रस्त्यावर मेला, आणि तो गाडीत होता. हेलसिंकीत जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत एकही नाही. सगळीकडे नशीबच फळफळलं असं म्हणणं मला जड जातं, कारण यामागे काय घडतं ते आपण आत्ताच कागदावर पाहिलं.

दुसरी शंका दुकानदारांची आणि माझ्या शेजाऱ्यांची: पार्किंग गेलं तर आम्ही काय करायचं? ही तक्रार खोटी नाही. शेजारच्या आजोबांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना घरासमोरच गाडी लागते. अशांसाठी राखीव जागा ठेवता येतील, सामान उतरवायला वेळा ठरवता येतील. पण माझ्यासारख्या धडधाकट बाईला दोन गल्ल्या लांब गाडी लावावी लागली, तर माझी रोजची पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं एका पारड्यात ठेवा आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे ते मला त्या संध्याकाळी हातभर अंतरावरून दिसलं. मी थांबू शकले ते चांगली ड्रायव्हर म्हणून नाही. पार्किंग शोधत रांगत होते आणि समोरच्या गाडीच्या दिव्यानं सावली पाडली, म्हणून. रोज एवढं जुळून येत नाही.

आपण काय करू शकतो

आपल्यातले बरेच जण म्हणतात, आपण व्हिसावर, आपल्याला कोण विचारतो? न्यू जर्सीत गावाच्या कौन्सिलच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, आणि बोलायला मतदार असावं लागत नाही. तिथे राहत असलात की पुरे. दुसऱ्या राज्यात किंवा देशात असाल तर तिथला नियम बघा, पण दार बहुधा उघडं असतं. अडचण अशी की त्या बैठकीला येतात ते बहुतेक विरोध करणारेच. ज्या काकू रस्ता ओलांडतात त्या तिथे नसतात. त्यांची लेक ऑफिसात असते, आणि त्या स्वतः चार महिन्यांनी परत जाणार असतात.

जाण्याआधी एक माहिती काढा: तुमच्याजवळचा धोक्याचा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे? गावाच्या, काउंटीच्या की राज्याच्या? जर्सी सिटीनं २०२२ मध्ये स्वतःच्या ताब्यातल्या रस्त्यांवर एकही मृत्यू होऊ दिला नाही, पण त्याच शहरातून जाणाऱ्या काउंटी आणि राज्याच्या रस्त्यांवर माणसं मेलीच. चुकीच्या दारात उभं राहून तीन मिनिटं बोलण्यात अर्थ नाही.

आमच्या कोपऱ्याचा प्रस्ताव पुढच्या महिन्यात पुन्हा येतो आहे. मी जाणार आहे. आधी माझी जुनी सही मागे घेते असं सांगेन, मग ते दोन त्रिकोण दाखवेन. शेजारी नाराज होतील. एक-दोघांनी आत्ताच बोलणं कमी केलं आहे.

तुम्ही आज संध्याकाळी एवढंच करा. आई-बाबा आले असतील तर त्यांना घेऊन घराजवळच्या कोपऱ्यावर जा. पट्ट्यांपासून दहा पावलं मोजा, साधारण २५ फूट होतात. त्या दहा पावलांत कुणाची गाडी उभी आहे ते बघा. कदाचित तुमचीच असेल.